कोरी वर्षं

नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्याखाली
सकाळी सातला मी मांडते वजनकाटा,
मोजपट्टी, चिमटा, कॉलेजनं दिलेला तक्ता.
ठकूबाई साटोटे तोवर विळी धुऊन बसलेली,
पायाशी टोपली, टोपलीत अजून हलणारं काही.

पक्षी बघायला आलेले लोक
पलीकडे दुर्बिणी लावून उभे.
आमच्याकडे कुणी बघत नाही.
आम्ही दोघी पोटं उघडतो.

तक्त्यात लांबी, वजन,
गाभोळीचं वजन वेगळं, दशांशापर्यंत.
माशाच्या घरात मिळकत एकच, मी तिला सांगते :
किडा, शेवाळ, गाळात सापडेल ते.
त्यातून अंग धरायचं की अंडी,
हे दरसाल नव्यानं ठरवावं लागतं.
दोन्हीकडे पुरेल इतकं नदी कधी देत नाही.
ठकूबाई म्हणते,
हे कळायला कॉलेज लागतं व्हय?

तिच्या सासऱ्याच्या काळी
कानस हातभर झाल्याशिवाय गाभोळी धरत नसे.
आता वीतभर पोर, आणि पोटात पिवळंजर्द.
बारीक आसाचं जाळं आलं दारणेपासून खालपर्यंत.
जी वाढायला थांबली, ती आधी सापडली.
उरल्या त्या घाईच्या.
त्यांच्या लेकीही घाईच्या.
मी लिहिते, पक्वता : चार.
ती गाभोळी दोन बोटांनी उचलते,
पोत्यावर नाही, केळीच्या पानावर ठेवते.
का, ते विचारायचं राहूनच गेलं.

गुरुवारी वाळूबानं मोठी आणली.
साडेचार किलो. खवला रुपयाएवढा.
भिंगाखाली धरला, वळी मोजल्या.
उपासाचे दिवस दाट, सुगीचे सैल.
नऊ वर्षं.
अंडी घातली त्या साली खवल्याची कड झिजते,
स्वतःच्याच अंगातून उसनं घेतलेलं असतं तिनं.
तशा खुणा चार भरल्या.
पहिली तीन वर्षं लहानपणाची.
मधली दोन कोरी.

"कोरी म्हंजे?"
"त्या साली अंडी धरली नाहीत. खायला कमी असेल."
"मंग काय केलं दोन वर्षं?"
"वाढली."
"नुसती?"
"नुसती."

विळी थांबली.
ठकूबाई उभी राहिली तरी माझ्या खांद्याला लागते.
तिच्या तिन्ही लेकी तिच्याहून उंच.
"माझी उंची पंधराव्या सालची हाये,"
ती म्हणाली, आणि ओल्या हातानंच भिंग मागितलं.
एक डोळा मिटून बघत राहिली,
पाणकावळा दोनदा बुडून वर आला तितका वेळ.
काय दिसलं ते बोलली नाही.
भिंगावर तिच्या अंगठ्याचा ठसा राहिला,
त्याच्याही वळी.

निफाडचं गिऱ्हाईक आलं मोटरसायकलवरून.
केवढ्याला देता?
कालच्यापेक्षा साठ रुपये जास्त सांगितले तिनं.
तो हसला, घासाघीस केली, गाडी सुरू केली, बंद केली.
ती खाली आली नाही.
"नऊ वर्षांची हाये," एवढंच म्हणाली,
जणू त्याला समजणारच होतं.
त्यानं घेतली. अख्खीच.

दुपारच्या एसटीत तक्ता मांडीवर घेतला.
कोऱ्या वर्षासाठी त्यात रकाना नाही.
शेवटी 'शेरा' आहे, दोन बोटं रुंद.
तिथं पेन टेकवलं आणि घरून फोन आला, नेहमीचा :
एकतीस संपतंय, यंदा तरी ठरव.
जेवलीस का, हे त्यानंतर.
जेवले, म्हटलं. बाकीचं बघते.

मनगटाला एक खवला वाळून चिकटला होता.
नखानं खरवडायला गेले, निघाला नाही,
राहू दिला.
चांदोरीला एक बाई चढली,
माझ्या अंगाचा वास घेऊन जरा थबकली,
मग सरक म्हणाली,
आणि बसली.